राहा म्हटलं नव्हतं

दोहा, ५ एप्रिल २०२४

दादा,

बारा वर्षांनी तुला लिहिते आहे, तेव्हा वर काय लिहावं यावरच पाऊण तास गेला. तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे हे मला माहीत आहे. म्हणून हा कागद.

तू आणि बबीता वहिनी बरे असाल. आम्ही मजेत आहोत. गंधारचं काम नेहमीसारखं चाललंय. ईरा दहावीत आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं. मी अजून त्याच वकिलांच्या ऑफिसात आहे. ते सांगतात, मी टाइप करते. रमजान असल्यामुळे दुपारी लवकर सुटका होते आणि हातात वेळ राहतो, तेव्हा म्हटलं लिहावं.

कारण विशेष काही नाही. नाशिकच्या रो-हाउसची आठवण आली. बाबांनी बक्षीसपत्रानं माझ्या नावावर केलेलं घर तू इतकी वर्षं सांभाळलंस, पण मी कधी दोन शब्द बोलले नाही. बाबांचे दिवस उरकून इकडे परत येताना मी तुला म्हटलं होतं ना, 'घर रिकामं पडण्यापेक्षा तू राहा, मला लागेल तेव्हा बघू.' तू राहिलास आणि माझी काळजी मिटली. येत्या वीस जूनला त्याला बारा वर्षं होतील. दिवस कसे जातात बघ.

एक बारीकसं काम आहे. इथल्या कागदपत्रांसाठी मला तुझ्या हातच्या दोन ओळी हव्या आहेत. 'वल्लरीच्या घरात मी तिच्या परवानगीनं राहतो आहे' एवढंच. खाली पूर्ण नाव, सही आणि तारीख. फोटो काढून पाठवू नकोस, मूळ कागदच हवा. माझ्या ऑफिसचा पत्ता मागे लिहिला आहे.

घाई नाही. पण जूनच्या आत मिळालं तर बरं.

तुझी,
वल्लरी


दोहा, २६ एप्रिल २०२४

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. 'आपल्या घराचं सगळं ठीक आहे, काळजी नसावी.' खाली नुसतं श्रेयस. तारीख नाही.

आपल्या म्हणजे कुणाच्या रे? पाहुणा दारात आला की आपण म्हणतो, 'या, आपलंच घर आहे', तेव्हा ते त्याचं असतं. गंधार म्हणतो, 'आपल्या घराला रंग लावू', तेव्हा ते आमचं असतं. आणि जो तो आपल्या घरी गेला म्हटलं की ज्याचं त्याचं. तू यातलं कुठलं आपलं लिहिलंस? मी ती ओळ इतक्यांदा वाचली, की शब्दाला अर्थच राहिला नाही.

आमचे मोठे वकील, उस्ताज रऊफ, कैरोचे आहेत, वय सत्तरीचं. अरबीत वकिलाला मानानं उस्ताज म्हणतात. कुठल्याही भाषेचा कागद दिसला की त्यांना तो समजून घ्यायचा असतो. सहज म्हणून त्यांना तुझी ओळ दाखवली. ते म्हणाले, 'इंग्रजीत कर.' मी म्हटलं, करता येत नाही. 'युवर' होईल, 'अवर' होईल, 'माय ओन'सुद्धा होईल. ते म्हणाले, "तुमच्या भाषेत मालक कोण ते सांगायला शब्द नाही का?" मी म्हटलं, आहेत की, भरपूर आहेत. माझ्या भावानं नेमका त्यातला एकही वापरला नाही.

मी चिडलेली नाही. घाबरलेलीही नाही. गंधार सध्या घरीच असतो, त्याची सुट्टी साठली होती. दिवसभर कपाटं आवरत बसतो. त्यानं विचारलं, दादाचं काय उत्तर आलं? मी सांगितलं, आलंय, ठीक आहे म्हणतो.

एक शब्द बदलून पाठव, दादा. 'आपल्या' काढ आणि 'वल्लरीच्या' लिही. 'परवानगीनं' हा शब्द विसरू नकोस. तारीख घाल. एवढं काही मोठं मागत नाही मी.

वल्लरी


दोहा, १७ मे २०२४

दादा,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. ऑफिसात टपाल आलं की मी हातातलं काम टाकून आधी भारताचं तिकीट शोधते. आता खरं लिहिते. गोड लिहून काही हाती लागलं नाही, आणि मला फार भीती वाटते आहे.

मी तुला राहा म्हटलं नव्हतं. ते तुलाही ठाऊक आहे. बाबांचे दिवस झाले, मी घराला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि विमानात बसले. अठरा दिवसांनी समोरच्या काकूंचा फोन आला, की श्रेयस कुलूप तोडून सामानसुमानासकट आत गेलाय. मी तुला फोन केला तर तू म्हणालास, 'कुलूप गंजलं होतं, हातातच आलं.' अठरा दिवसांत कुलूप गंजतं का रे? त्या दिवसापासून आपण बोललो नाही. बारा वर्षं मी भेटेल त्याला एकच सांगत आले, 'न विचारता घुसला.' इथल्या गणपतीत, हळदीकुंकवात, कुठेही विषय निघाला की माझी हीच टेप सुरू.

मग हे आत्ताचं 'राहा म्हटलं होतं' कुठून आलं, ते ऐक.

फेब्रुवारीत उस्ताज रऊफ नव्या वकिलांना रोमन कायद्यावर व्याख्यानं देत होते. ती टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. या माणसाला रोमचं वेड आहे. ते म्हणतात, कतारचा दिवाणी कायदा इजिप्तकडे बघून लिहिला, इजिप्तनं फ्रान्सकडे बघून लिहिला, आणि फ्रान्सनं रोमकडे. "तुम्हा हिंदी लोकांना इंग्रजांनी कायदा दिला, पण त्यांच्याही खिशात तेच लॅटिन शब्द होते. वल्लरी, दोन हजार वर्षांपूर्वी मेलेली माणसं अजून ठरवतात तुझ्या घरात कोण राहणार." मी हसले. मला वाटलं, म्हाताऱ्याची गंमत.

मग त्यांनी मालकी आणि ताबा यांतला फरक सांगितला. रोमन लोकांनी या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. कागद एकाचा असतो आणि चूल दुसऱ्याची पेटते, असं होऊ शकतं. पण कायम तसं ठेवता येत नाही. कोणी एखादी जागा वर्षानुवर्षं वापरत राहिला, जबरदस्तीनं नाही, चोरून नाही आणि कुणाच्या परवानगीनंही नाही, तर शेवटी कायदा त्याच्या बाजूनं झुकतो. 'नेक वी, नेक क्लाम, नेक प्रेकारिओ.' मी स्पेलिंग विचारून विचारून टाइप केलं. आपल्याकडे वहिवाट म्हणतात ना, तिचीच ही मोठी बहीण. रोमला जमिनीसाठी दोन वर्षं पुरायची, पण माणसाची समजूत प्रामाणिक हवी, आपण घेतोय ते आपलंच आहे असं त्याला मनापासून वाटत असलं पाहिजे. पुढच्या कायद्यांनी ही अट कुठे ठेवली, कुठे सोडून दिली. "तुमच्याकडे बहुतेक बारा वर्षं," ते पाणी पिताना म्हणाले. माझे हात की-बोर्डवर तसेच राहिले.

मी नाशिकच्या एका वकीलबाईंना फोन केला. म्हटलं, त्यानं कुलूप तोडलं, ही जबरदस्तीच झाली ना? त्या म्हणाल्या, "पुरावा काय? पोलिसांत गेलात? नोटीस दिलीत? बारा वर्षांत एकदा तरी लेखी हरकत घेतलीत?" मी काहीच केलं नव्हतं. मी नुसती रुसले होते. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच परवानगी दिली होती असं म्हणा. परवानगीनं राहणारा शंभर वर्षं राहिला तरी मालक होत नाही. त्याच्याकडून तसं लिहून घ्या, वीस जूनच्या आत. आणि चुकूनसुद्धा न विचारता घुसला असं कुठे लिहू नका. ते वाक्य त्याच्या उपयोगाचं आहे."

बघ म्हणजे काय झालं. घर वाचवायचं तर मी म्हणायचं, की माझ्या दादाला मी प्रेमानं ठेवून घेतलं. आणि तुला घर मिळवायचं तर तू छातीठोकपणे सांगायचं, की हो, मी घुसलो. बारा वर्षं आपण ज्यावरून भांडलो, त्यात कायदा आपल्याला जागा बदलायला सांगतो. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

आता दुसरं खरं. गंधारची सुट्टी साठली नव्हती. मार्चअखेर त्याचं काम गेलं. कंपनीनं त्याचा बॉयलरचा अख्खा विभाग बंद केला. आम्ही तिघं इथे राहतो ते त्याच्या नोकरीच्या व्हिसावर. जूनच्या शेवटी आम्हाला निघायचं आहे. तो पन्नाशीला आला आहे. रोज कुठेतरी अर्ज पाठवतो आणि संध्याकाळी मला म्हणतो, 'इन्शाल्ला.' मराठी माणूस इन्शाल्ला म्हणायला लागला की समजावं, त्याला कसली खात्री उरलेली नाही. भारतात आमचं दुसरं घर नाही. डोक्यावर छप्पर म्हणून जे आहे, त्यात तू राहतोस.

आम्ही अठरा वर्षं इथे राहिलो. ईरा इथे जन्मली. आमच्या बिन महमूद भागातल्या गल्लीतलं कुठलं दुकान प्रार्थनेच्या वेळी किती मिनिटं बंद असतं, हे मला पाठ आहे. परवा मी उस्ताजना विचारलं, प्रेकारिओ म्हणजे नेमकं काय? ते म्हणाले, विनवणी करून मिळालेलं. देणाऱ्याच्या मनात आलं की तो परत घेतो, कितीही वर्षं झाली असली तरी. इंग्रजीत डळमळीत अवस्थेला 'प्रिकेरिअस' म्हणतात, तो शब्द यातूनच निघाला. मला कुणाची तक्रार करायची नाही. इथे येताना आम्हाला हे माहीत होतं, आणि या देशानं आमचं पोट भरलं. पण तो शब्द ऐकल्यावर मी माझ्या इथल्या रहिवास परवान्याच्या कार्डाकडे बघत बसले, आणि मग मला कळलं मी तुझ्याकडून काय लिहून घ्यायला निघाले होते ते. माझ्या मर्जीवर तू त्या घरात आहेस, मी म्हणेन तेव्हा उठशील, हे. मला स्वतःला ज्याची धास्ती वाटते, तेच मी तुला गोड बोलून चिकटवणार होते.

वकीलबाईंनी लिहू नका म्हटलेलं सगळं या पत्रात लिहून झालं आहे. हे तुझ्या हातात पडलं की तू काहीही करू शकतोस. पत्र गंधारला वाचायला दिलं नाही, दिलं असतं तर त्यानं ते जाऊ दिलं नसतं. ईरानं काल विचारलं, "आई, इज इट अवर हाउस ऑर नॉट?" मी म्हटलं, आधी ताट उचल.

मला भीती वाटते दादा. तुझी भीती वाटते. लहानपणी विहिरीवर पोहायला तूच मला ढकलायचास आणि तूच आधी उडी मारून खाली थांबायचास. आत्ता तू खाली आहेस की नाहीस, ते मला दिसत नाही.

वल्ली


नाशिक, ३० मे २०२४

वल्ली,

तुझं तिसरं पत्र बबीतानं मोठ्यानं वाचलं. मला चष्मा सापडत नव्हता असं मी म्हणालो. चष्मा खिशातच होता.

पहिलं पत्र आलं तेव्हाच आम्ही ओळखलं की मागे वकील आहे. 'माझी काळजी मिटली' असलं तू मला जन्मात कधी लिहिलेलं नाहीस. मीपण वकिलाकडे गेलो. तू गेलीस म्हणून नाही, मी नऊ वर्षांपूर्वीच गेलो होतो. त्यानंच सांगितलं होतं, बारा वर्षं गप्प बसा, घरपट्टी तुमच्या हातानं भरा, लाइट बिल नावावर करून घ्या, आणि बहिणीचं घर असं तोंडातून काढू नका. मी गप्प बसलो. तुला वाटतं मी मजेत होतो. पोस्टमन गल्लीत दिसला की बबीता दार लावून घ्यायची. वरची खोली गळते, मी नीट केली नाही. म्हटलं, आज गिलावा करायचा आणि उद्या नोटीस आली तर? बारा वर्षं या घरात मी खिळा ठोकायलासुद्धा दचकलो. तू लांब बसून घाबरलीस, मी आत बसून.

'आपल्या' हा शब्द मी दोन दिवस विचार करून घातला. तिचं लिहू नका असं वकिलानं बजावलं होतं. माझं लिहायला हात होईना. मग 'आपल्या' सुचला. मला वाटलं, कसा अडकवला. तू म्हणतेस त्याचं इंग्रजी होत नाही, ते वाचून बबीता हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तुझं हे तिसरं पत्र घेऊन मी वकिलाच्या जिन्यापर्यंत गेलो. खोटं कशाला सांगू. तुझ्याच अक्षरात आहे, 'राहा म्हटलं नव्हतं.' त्याला दाखवलं असतं तर त्यानं खूश होऊन चहा मागवला असता. जिन्यात पाच मिनिटं उभा राहिलो. मग परत आलो. झेरॉक्स काढलेली नाही. मूळ पत्र सोबत जोडलं आहे, तुझं तू ठेव.

कुलूप गंजलेलं नव्हतं. पहारीनं तोडलं. बाबांचं दोन वर्षं अंथरुणात आम्ही दोघांनी केलं. त्यांना कुशीवर वळवून वळवून बबीताची पाठ गेली. आणि कागद उघडला तर तुझं नाव. मी तेव्हा भाड्याच्या एका खोलीत होतो. पहार उचलली तेव्हा मला मनापासून वाटत होतं, मी माझंच घेतोय. तुझ्या त्या रोमन लोकांना हे चालतं का, ते तुझ्या उस्तादला विचार.

आता तू मागितलेलं लिहितो. पण तुझ्या शब्दांत नाही, माझ्या.

हे घर माझी बहीण वल्लरी हिचं आहे. मी त्यात २० जून २०१२ पासून राहतो. तिनं मला राहा म्हटलेलं नव्हतं.

श्रेयस, दिनांक ३० मे २०२४. सही खाली केली आहे. पूर्ण नाव सहीशेजारी घातलं आहे. आमच्यासाठी जागा बघायला लागलो आहे, अजून सापडलेली नाही.

दादा


दोहा, १२ जून २०२४

दादा,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं. उभ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मधेच खुर्ची ओढून घेतली. उस्ताज रऊफना वाटलं कोणी गेलं. मी त्यांना शेवटच्या तीन ओळी इंग्रजीत करून सांगितल्या. या वेळी एकाही शब्दाला अडले नाही. ते म्हणाले, "खलास. मुदत संपायच्या आत त्यानंच तुला मालक म्हटलं. आता घर तुझं, त्यात शंका नाही." मी विचारलं, "आणि तो कुठे जाईल?" ते म्हणाले, "ते माझ्या व्याख्यानात नाही."

पहारीबद्दलही विचारलं. ते म्हणाले, समजूत प्रामाणिक होती असं म्हणता येईल, पण पहार ही पहारच. मी म्हटलं, आमच्या घरात दोन्ही एकदम चालतं.

वकीलबाईंना तुझं पत्र अजून पाठवलेलं नाही. फाडलेलंही नाही. एवढी मी चांगली नाही, हे तुला माहीत असलेलं बरं. ते ईराच्या जन्मदाखल्याच्या फायलीत आहे. गंधारला सगळं वाचायला दिलं. त्यानं वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "तुझ्या दादाला बॉयलर सर्व्हिसिंगचं कोणी माहीत आहे का नाशिकला? मी काहीतरी सुरू करेन." एप्रिलपासून पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात इन्शाल्ला नव्हतं.

जागा बघू नकोस. वहिनीच्या पाठीला जिने नकोत, तेव्हा खालच्या दोन खोल्या तुमच्या. आम्ही वर राहू. गळते ती खोली गंधार आणि तू मिळून दुरुस्त करा, कुणाला विचारायचं नाही. एकत्र कसं जमेल मला खरंच माहीत नाही. मी तोंडाळ आहे, तू मनात ठेवतोस, ईरा वहिनीशी इंग्रजीत बोलेल आणि वहिनीला वाटेल ही शिष्ट आहे. महिन्याभरात आपण कशावरून तरी कडाकडा भांडू. भांडलो तर तोंडावर भांडू, बारा वर्षं रुसून बसण्यापेक्षा ते परवडलं. कागदावर कुणाचं नाव राहावं, ते आपण चौघं बसून ठरवू. तो कागद लिहायला वकील लागेल, पण आधी आपण बोलू.

सत्तावीस तारखेच्या विमानानं आम्ही मुंबईला उतरतो. तिथून गाडी केली आहे. सकाळी अकराच्या सुमारास नाशिकला पोचू. अर्धं घर इथे वाटून टाकलं, अर्धं खोक्यांत भरलं. ईरानं तिचं खोकं अजून भरायला घेतलेलं नाही. काल ती म्हणाली, "मामा विल बी देअर?" मी हो म्हटलं. तिला तू फक्त फोटोतलाच माहीत आहेस.

मला आता वेगळीच भीती वाटते आणि ती कुठल्या वकिलाला सांगण्यासारखी नाही. गाडी थांबेल, मी उतरेन, आणि समोर ते दार असेल. घर माझं आहे असं तूच लिहून दिलं आहेस, तारीख घालून. तरी मी लोटून आत शिरणार नाही. मी दाराशी उभी राहीन आणि बेल वाजवीन. तेव्हा वहिनीला पाठवू नकोस, दादा. दार तू उघड.

वल्ली